मुद्देमालाच्या कपाटातली देवी

ती घटना विसरलोय असं आजवर एकदाही झालं नाही. नोकरीत मी खून पाहिले, बंदरातली तस्करी पाहिली, बोटीतून पळालेले कैदी पकडले. पण दुपारी पेपर वाचता वाचता डोळा लागला की समोर येतं ते एक लोखंडी कपाट, त्यात ओळीनं मांडलेली चांदीची नाणी, आणि त्यातल्या एकीच्या कपाळावर ओलं कुंकू. 'एकीच्या' हे मी चुकून लिहिलेलं नाही. ते का, ते पुढे कळेल.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मॉरिशसच्या उत्तरेकडे, उसाच्या पट्ट्यात, एका छोट्या ठाण्याचा मी इन्स्पेक्टर होतो. ठाण्यात एक टेबल, एक तुरुंगाची खोली, एक स्टेशन डायरी आणि एक मुद्देमालाचं कपाट. किल्ली माझ्या एका आफ्रिकी वंशाच्या, क्रेओल कॉन्स्टेबलकडे असायची. धिप्पाड गडी, रविवारी न चुकता चर्चला जाणारा. मी स्वतः मराठी घरातला. पणजोबा रत्नागिरीकडून ऊस तोडायला आले होते. घरची मराठी आईकडून मिळाली आणि पुस्तकी मराठी मी तिशीनंतर शिकलो, तेव्हा कुठे खटकलं तर सांभाळून घ्या.

त्या दिवसांत अख्ख्या उत्तरेला एक स्वप्न पडलं होतं म्हणा ना. वादळात पत्र्याची घरं उडाली होती, आणि जो तो काँक्रीटच्या घराच्या गोष्टी करत होता. पैसा कुठून येणार? तर प्रत्येक घरात पलंगाखाली बिस्किटाचा एखादा डबा असायचाच. त्यात युरोपातल्या जुन्या नोटा. कुणाचा बाप महायुद्धात गोऱ्या फौजेबरोबर खड्डे खणायला इटलीपर्यंत गेलेला, कुणाचा भाऊ फ्रेंच जहाजावर भांडी घासलेला. नोटा मोठ्या, रंगीत, वर पंख असलेल्या बायका आणि पुढे भरपूर शून्यं. बँकवाले बघायचे आणि हसून परत करायचे. पण दहा हजार असं छापलेला कागद चुलीत घालायला कुणाचा हात धजतो?

बातमी दिली ती बसच्या कंडक्टरनं. चहा पिता पिता म्हणाला, "साहेब, एक म्हातारा बाबू रोज माझ्या बसमध्ये असतो. लोकांच्या त्या जुन्या नोटा गोळा करतो म्हणे. गवताची टोपी, चामड्याची पेटी. कधी पितोंला उतरतो, कधी पेती राफ्रेला. जाताना पेटी हलकी, येताना जड. कागद विकत घेणाऱ्याची पेटी एवढी जड कशी होते?"

कंडक्टर पोलिसात असता तर माझ्या वर गेला असता. परकीय पैसा परवान्याशिवाय घेणं-देणं तेव्हा गुन्हा होता. दोन दिवस नजर ठेवली आणि तिसऱ्या दिवशी बस थांब्यावरच त्याला पेटीसकट आणला.

चौकशीला बसलो आणि, खरं सांगतो, मीच गुंगलो. माणूस मवाळ, पूर्वी बंदरात कारकून होता. त्यानं माझ्या टेबलावर नोटा पसरल्या आणि एकेकीवर बोट ठेवून बोलायला लागला. ही लीरा, हिच्यावरचं शहर पाण्यात आहे. हा जुना फ्रँक. सरकारनं याची दोन शून्यं केव्हाच पुसली, आणि आता ही नोट घ्यायलाही कुणी तयार नाही. हा मार्क, एके काळी याच्या पाटीभर नोटा दिल्या की एक पाव मिळायचा. बाहेर उसाला तुरे आले होते, वाऱ्यानं सगळं शेत चांदीसारखं हलत होतं, आणि आम्ही दोघं तास-दीड तास युरोप फिरून आलो. चहा दोनदा आला. कॉन्स्टेबल दारात उभा राहून ऐकत होता. शेवटी मला आठवलं की आपण पोलीस आहोत.

"नोटांना किंमत नाही, तर गावोगाव फिरतोस कशाला?"

"किंमत ठरवून देतो, मिस्ये. युरोपात पाठवायच्या, तिकडून उत्तर येईल. त्याची फी घेतो."

"फी कशात?"

त्यानं पेटी जवळ ओढली, मी ती परत घेतली. पेटीचा तळ उचलला तर खाली कापडात गुंडाळलेली चांदीची नाणी. अकरा. सगळी सारखी. भरदार अंगाची, डोक्यावर पदर घेतलेली एक बाई, आणि सगळ्यांवर एकच साल. तो म्हणाला, ही ऑस्ट्रियाची राणी. ती मेल्यावरही तिचीच नाणी तेच साल घालून पाडत राहिले, कारण अरब व्यापाऱ्यांना दुसरं काही चालायचं नाही. जहाजांतून ती आमच्या बेटावरही आली आणि घराघरांत राहिली. कुणाकडून काय घेतलं ते मात्र त्यानं सांगितलं नाही. मी पंचनामा केला, 'परदेशी नाणी, चांदीची, जुनी, नग अकरा' असं लिहिलं, कपाटाला कुलूप लावलं आणि बंदरातल्या मोठ्या कचेरीला कळवलं. झालं, असं वाटलं.

चार दिवसांनी एक आजी ठाण्यात आली. पेती राफ्रेची, मराठी घरची. डोळ्यांत मोतीबिंदू, एका हातात काठी, दुसरा हात सुनेच्या खांद्यावर. सून तिशीची, शांत, खाली बघणारी.

"बाबा, माजी देवी नेली रे कुनी," आजी म्हणाली. "माज्या सासूच्या सासूनं आनलेली. देव्हाऱ्यातनं गेली."

"कुणावर संशय, आजी?"

तिनं खांद्यावरचा हात काढून घेतला. "देव्हाऱ्याला हात लावनारी घरात ही एकच."

 मी सुनेला बेटावरच्या क्रेओल बोलीत विचारलं, तुला काय माहीत आहे? ती हळूच म्हणाली, "मो पा कोने." मला ठाऊक नाही. पण ज्याला खरंच ठाऊक नसतं तो माणूस असा जमिनीकडे बघून बोलत नाही, एवढं मला नोकरीनं शिकवलं होतं. ती काहीतरी लपवत होती.

जाताना आजीनं मला ऐकू येईल असं तिला सांगितलं, "घट बसायच्या आत देवी आली न्हाय, तर तू चाललीस तेर रूज गावाला. तुज्या बापाच्या घरी." नवरात्राला तीन आठवडे होते.

आणि इथे मी माती खाल्ली. डायरीत मी झोकात लिहिलं, 'देवीची मूर्ती, चांदीची, प्राचीन.' आजी 'देवी' म्हणाली, मी मनात मूर्ती उभी केली. आठ हातांची, सिंहावरची. सोनारांकडे गेलो, देवळांत गेलो, गोदीवर माणूस ठेवला. कॉन्स्टेबल बिचारा प्रत्येक सोनाराला हातांनी दाखवायचा, एवढी उंच, असे हात. मराठी घरात वाढलेला मी, मला साधा प्रश्न सुचला नाही की बाई, देवी केवढी होती?

दोन आठवडे असे गेले. मग एका सकाळी मी त्यांच्या घरी गेलो. सून देव्हारा पुसत होती. देवी नाही, तरी रोजच्या वेळेला ती पुसत होती, रिकाम्या जागेपुढे फूल ठेवत होती.  मी जोडे काढून जवळ गेलो. लाल कापडाच्या आसनावर कुंकवाचा डाग होता. आणि डागाच्या मधोमध कोरी, वाटोळी जागा. अगदी वाटोळी. मूर्तीचं बूड असं नसतं. मी खिशातली काडेपेटी ठेवून पाहिली, तर ती जागा तिच्या लांबीला थोडी कमी पडली.

ही काडेपेटी मी अशीच आणखी कशाशी तरी लावून पाहिली होती, पंचनाम्यात नाण्यांचा आकार लिहायला. देवी हरवली नव्हतीच. तक्रार लिहून घेतली तेव्हाही ती माझ्या पाठीमागे, सहा पावलांवर, माझ्याच कपाटात होती.

दुसऱ्या दिवशी तिघांना बोलावलं. आजी, सून आणि आजीचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, साखर कारखान्यात काम करणारा, चाळिशीचा, चांगला उंचापुरा माणूस. तो दारापाशीच उभा राहिला. टेबलावर पांढरं कापड घालून अकरा नाणी ओळीनं मांडली. नोटवाल्यानं ती सगळी घासूनपुसून लख्ख केली होती. कुंकवाचा कण उरला नव्हता. कायद्यानं मला ओळख पटवून घेणं भाग होतं. एकसारख्या अकरांतून तुमची कुठली ते सांगा.

आजीनं एकेक हातात घेतलं. डोळ्यांजवळ नेलं, अंगठा फिरवला. पुन्हा पहिल्यापासून. अकरा झाली आणि तिनं शेवटचं नाणं कापडावर ठेवून दिलं. "दिसत न्हाय रे बाबा," ती म्हणाली. "नऊ वर्सं झाली, डोळं गेल्यापासनं म्या हिला हात लावला न्हाय." आपली देवी आपल्याला ओळखता येत नाही हे त्या म्हातारीच्या तोंडावर आलं, तेव्हा मला खिडकीबाहेर बघावं लागलं.

मी सुनेला म्हणालो, "वहिनी, तुम्ही बघा."

तिनं हात पुढे केला, बघितलंसुद्धा नाही. बोटं ओळीवरून गेली आणि सातव्यावर थांबली. "ही." मी विचारलं, कशावरून? "कुंकू लावून लावून हिचं कपाळ झिजलंय. बाकीच्यांचं टोचतंय." मी अंगठा फिरवून पाहिला. खरंच, दहा कपाळांवर केसांच्या रेषा लागत होत्या, आणि हिचं कपाळ लहान मुलाच्या कपाळासारखं गुळगुळीत होतं.

मला वाटलं प्रकरण मिटलं. पण आजीचं डोकं माझ्यापेक्षा वेगानं चालत होतं. "बरी वळाकलीस," ती सुनेला म्हणाली. "इकनाऱ्याला ठावं असनारच."

सुनेनं मान वर केली नाही. मी दाराकडे बघितलं. पोलिसाला कधी कधी फक्त बघायचं असतं. मुलगा दोन पावलं पुढे आला.

"आये, म्या दिली," तो म्हणाला. "बाबाच्या इटलीच्या नोटा बदलून मिळतील, घराला स्लॅब पडल, म्हनून. नोटवाला म्हनाला, फी चांदीत दे. म्हनाला, ही देवी न्हायच, ऑस्ट्रियाची राणी हाय. शंभर वर्सं खुळ्यावानी पूजताय. मला लाज वाटली, आये. म्हनून दिली. हिला ठावं हुतं. म्याच शपथ घातली, बोलू नको."

 कॉन्स्टेबलला मराठी येत नव्हती, पण त्यानं टोपी काढली होती. 'राणी' हा शब्द आता आजीच्या कानावर गेला, तो परत घेता येणार नव्हता, आणि मला त्या मुलाचा रागच आला. स्लॅबसाठी आईच्या पायाखालची जमीन काढलीस की रे.

आजीनं ते नाणं मागून घेतलं. झिजलेल्या कपाळावर अंगठा फिरवला.

"राणी असल," ती म्हणाली. "तिकडं राणी असल. मंग जहाजात बसली आनि हितं आली, आमच्यासारखीच. माज्या सासूचं दुखणं तिनं ऐकलं, माजी तीन पोरं गेली ती तिनं बघितली. आता ती कुनाची हाय ते त्या नोटवाल्यानं मला शिकवायचं काय?"

मग तिनं नाणं सुनेच्या हातात ठेवलं आणि तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. "माजं चुकलं गो बाय," म्हणाली. एवढंच. सून तेव्हा रडली, इतके दिवस रडली नव्हती ती.

आणि मला, दगडाला, ती मूठ उघडावी लागली. खटला उभा राहीपर्यंत मुद्देमाल ठाण्यातच राहणार, चिठ्ठी लावून, नंबर घालून. मी ते कसंबसं सांगितलं. आजीनं क्षणभर विचार केला. "ऱ्हाऊ दे. पन तिला उपाशी ठेवू नको. माजी सून येईल रोज. तिच्याच हातानं व्हईल."

नियमात असं काही नव्हतं. नियमात 'असं करू नये' असंही कुठे सापडलं नाही. मी फार शोधलंही नाही. मी फक्त अट घातली, कपाटातनं बाहेर काढायची नाही. रोज सकाळी सात वाजता, डायरीत दिवसाची पहिली नोंद व्हायच्या आधी, ती यायची. कॉन्स्टेबल कपाट उघडायचा आणि पाठ करून उभा राहायचा. घट बसले तेव्हा मुद्देमाल क्रमांक सातपुढे नऊ दिवस नऊ माळा चढल्या. पाचव्या दिवशी मला दिसलं की कॉन्स्टेबल स्वतःच्या अंगणातली जास्वंद घेऊन आला आहे.  कारखान्याच्या चिमणीतून गोड वास यायचा, रात्री धरलेला एखादा चोर कोठडीच्या गजांतून बघत बसायचा, आणि ती तेवढी दहा मिनिटं माझं ठाणं ठाणं वाटत नसे.

नोटवाल्याला दंड झाला. मुलानं कोर्टात उभं राहून स्वतःची चूक सांगितली, आणि त्याला ते जड गेलं. तो डबा आजीनं मला दाखवला होता एकदा. इटलीच्या नोटा अजून तशाच होत्या, कोऱ्या, पंखवाल्या बायका वर बघणाऱ्या.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं, शाळेत गोष्टी सांगायला बोलावतात तेव्हा, मुलं विचारतात. एक तर हे की, माणूस हरवलेल्या वस्तूचं नाव सांगतो तेव्हा थांबून विचारावं, ती दिसते कशी, केवढी आहे, रोज तिला हात कोण लावतं. आणि दुसरं, घरात ज्याच्या हातात किल्ली त्याच्यावर संशय घेणं फार सोपं असतं. मी स्वतः दोन आठवडे मनातल्या मनात तो सुनेवर घेत होतो, हे मी तिला कधी सांगितलं नाही. आज इथे सांगतो.

वस्तू परत देण्याच्या दिवशी सून पावतीवर सही करायला वाकली. मी छापील रकान्यात 'चांदीचं परदेशी नाणं, नग एक' असं लिहिलं होतं. तिनं वाचलं, पेन तसंच धरून थांबली, आणि त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे सरळ बघितलं. मी कागद ओढून घेतला, ओळ खोडली, बाजूला आद्याक्षरं घातली आणि नव्यानं लिहिलं: देवी, एक. शिल्लक नाणी, दहा. मग तिनं सही केली.