मधली फिल्म

मी दर रविवारी चर्चला जातो, जेवणाआधी डोळे मिटून प्रार्थना करतो, आणि तरीही चमत्काराच्या गोष्टी निघाल्या की चहाचं निमित्त काढून उठणारा माणूस आहे. म्हणजे होतो. जालन्यातल्या एका हॉस्पिटलात एक्स-रे टेक्निशियन आहे. सगळी नोकरी काळ्या-पांढऱ्या फिल्मा बघण्यात गेली. कुणाच्या छातीत पाणी, कुणाच्या किडनीत खडा... दिसलं ते आहे, नाही दिसलं ते नाही, विषय संपला. अंगारा लावून खडा पडला म्हणणाऱ्याला मी तोंडावर सांगायचो, "पाणी जास्त प्यालास म्हणून पडला, बाबा."

आमच्या चर्चच्या मंडळीतही मी असाच. उपासनेच्या शेवटी लोक उभं राहून देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगतात, त्याला आमच्यात साक्ष देणं म्हणतात. कुणाचा ताप उतरला, कुणाची बदली झाली. मी मनात म्हणायचो, थोडं श्रेय गोळीला पण द्या की राव!

त्यामुळे हे मी लिहितोय याचं मलाच नवल वाटतंय. प्रतिक्रियांमध्ये मला वेड्यात काढलंत तरी चालेल. उलट यात माझी चूक कुठे झाली ते कुणी दाखवून दिलं तर फार उपकार होतील... का, ते शेवटी कळेल.

मार्था, माझी बायको, केदारखेड्याची. लहानपणी चिंचेवरून पडली होती, तेव्हा गळ्याखालचं उजवं हाड मोडलं आणि गावातल्या कुणीतरी बांधलं ते वाकडंच जुळलं. आवाज मात्र खणखणीत. चर्चमध्ये ती गायला लागली की पेटी ऐकू यायची नाही. त्या उन्हाळ्यात तिला खोकला लागला. "धुळीनं होऊन राह्यलं, जाईल," म्हणत तिनं बरेच दिवस काढले. गाणं मध्येच तुटायला लागलं तेव्हा मी तिला ओढतच माझ्या खोलीत नेलं आणि छातीचा एक्स-रे काढला.

उजव्या फुप्फुसात वरच्या बाजूला लिंबाएवढा पांढरा डाग. खालच्या कडेला एक खाच, कुणी नखानं टोकरल्यासारखी. मी रोज लोकांच्या हातात अशा फिल्मा ठेवतो आणि चेहरा कोरा ठेवून "डॉक्टरांना दाखवा" म्हणतो. त्या दिवशी ती फिल्म मला मार्थाच्या हातात ठेवता आली नाही.

संभाजीनगरला नेलं. सीटी झालं, सुईनं तुकडा काढून तपासला. कॅन्सर. केमो सुरू करायची तारीख मिळाली आणि आम्ही घरी आलो.

त्याच आठवड्यात घरी प्रार्थना ठेवली. मी नको म्हटलं नाही, अशा वेळी कोण म्हणतं? चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, आले आणि त्यांनी तिच्या कपाळाला तेल लावलं. टेंभुर्णीहून एस्तेरमावशी आल्या होत्या, मार्थाची लांबची मावशी. त्यांनी पितळेचा एक नवाकोरा छोटा क्रूस पिनेनं तिच्या ब्लाउजला लावला. लोक रडले, मीही रडलो. पण खरं सांगतो, मी फक्त रडलो... मागितलं काहीच नाही. मला वाटलं, जे दिसलंय ते दिसलंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती खोकली नाही. मी लक्ष ठेवून होतो. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. मग तिनं गहू वाळवायला गच्चीवर नेले, एका दमात, आणि वरून मला हाक मारली, "अहो, बघा, दम लागला न्हाई!" चार दिवसांनी माझ्या मागे लागली, एकदा फोटो काढून बघाच म्हणून. मी तिला समजावलं की असं कधीकधी बरं वाटतं. ऐकेल ती कसली!

मशीनसमोर उभी राहिली तर पिन तशीच.

"मार्था, धातू चालत नाही. काढ ते."

"न्हाई काढणार."

"अगं, फिल्मवर येईल!"

"येऊ द्या की. त्यालाबी बघू द्या तुमची मशीन."

नियमाबाहेरचं काम मी कधी करत नाही, पण तिच्यापुढे इलाज चालला नाही. क्रूस डाव्या बाजूला, डागापासून बराच लांब, म्हणून म्हटलं राहू दे. "श्वास घे... रोखून धर... सोड." स्क्रीनवर चित्र आलं.

डाग नव्हता. फुप्फुस स्वच्छ होतं. चित्र टिपणारी कॅसेट बदलून पुन्हा काढला, पुन्हा तेच. कुणी म्हणेल, दुसऱ्याच कुणाचा फोटो आला असेल. अहो, ते वाकडं जुळलेलं हाड तिथंच होतं! कुणी म्हणेल, मशीनमधला तिचाच एखादा जुना फोटो वर आला असेल. पण डावीकडे तो पितळी क्रूस पांढराशुभ्र उठून दिसत होता, आणि तो तिला मिळून आठवडाही झाला नव्हता.

रविवारी तिनं साक्ष दिली. पाळकसाहेबांनी मलाही उभं केलं. मी ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि जे दिसतं ते सांगितलं, एका शब्दानंही जास्त नाही. नंतर ती गायली. तसं गाणं मी तिच्याकडूनही कधी ऐकलं नव्हतं. आणि मी, चहाला उठून जाणारा माणूस, पहिल्यांदा मनापासून प्रार्थना केली... देवा, हे राहू दे.

संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरांनी फिल्म बघितली आणि म्हणाले, "हा पेशंट वेगळा आहे." मी हाड दाखवलं. मग म्हणाले, "काहीतरी टेक्निकल एरर आहे. पिन ठेवून काढलेली फिल्म मी धरतच नाही. तुकड्याचा रिपोर्ट माझ्यासमोर आहे, उपचार ठरल्याप्रमाणे सुरू करायचे." त्यांचं काही चुकलं असं मी आजही म्हणत नाही.

मार्था तयार नव्हती. "बरी झाल्यावर दवा कशाला?" पाळकसाहेबांनीच तिची समजूत काढली, "बाई, डॉक्टरबी देवाचेच हात हायेत." मीही हट्ट धरला. ती केमोला गेली. केस गेले, तोंडाची चव गेली. आणि तिसऱ्या केमोनंतर एका सकाळी तोच खोकला आला.

यावेळी मशीनसमोर उभं राहताना तिनं पिन स्वतःहून काढली. मी सांगितलंही नव्हतं. काढून माझ्या हातात दिली.

डाग तिथंच होता. लिंबाएवढाच, खालच्या कडेची खाचसुद्धा तशीच. पहिली आणि तिसरी फिल्म एकावर एक ठेवली तर रेषेला रेष जुळत होती. औषधानं कमी नाही, दिवसांनी वाढला नाही. मध्ये काही झालंच नव्हतं जणू!

एस्तेरमावशी भेटायला आल्या तेव्हा पलंगाजवळ बसून बोलल्या, "देवानं बरं केल्यावर सुया कशाला टोचून घ्यायच्या? शंका घेतली पोरी तुम्ही, म्हणून गेलं." मी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. काय उपयोग? मार्थानं ऐकलं होतं. त्या दिवसापासून तिनं गाणं सोडलं, मग चर्चला येणं सोडलं. पाळकसाहेब घरी आले, डोक्यावर हात ठेवायला लागले तर तिनं डोकं बाजूला घेतलं. "माझ्यासाठी नका मागू. लाज वाटून राह्यली मला."

मी तिला हज्जारदा सांगितलं, देव असा नसतो गं, दिलेलं हिसकावून घेत नाही. तिला ते पटायचं नाही. आणि खरं तर माझा तरी कुठे विश्वास होता माझ्या बोलण्यावर?

शेवटच्या दिवसांत एका दुपारी मी तिला चमच्यानं पाणी पाजत होतो. तिनं माझा हात धरला.

"खरं सांगा. ती मधली फिल्म बराबर होती का?"

मला कळलं होतं ती काय विचारतेय. खराब होती म्हटलं असतं तर ती सुटली असती. पण मग देव आलाच नव्हता, असं झालं असतं... आणि त्या रविवारच्या गाण्याचं काय?  उभ्या आयुष्यात कुणाला फिल्मबद्दल खोटं सांगितलं नाही, तेव्हाही खरं तेच तोंडातून आलं.

"बराबर होती मार्था. साफ होतं सगळं."

तिनं हात सोडला. "म्हणजे त्यानं दिल्तं. मलाच राखता आलं न्हाई."

मग तिनं भिंतीकडे तोंड केलं. नंतर ती पाणी द्या, कूस बदला, एवढंच बोलली. आठवड्याच्या आतच आम्ही तिला माती दिली. एस्तेरमावशी सगळ्यात मोठ्यानं रडल्या. मी त्यांच्याशी भांडलो नाही, अंगात तेवढाही जीव नव्हता.

डॉक्टरांच्या फाइलीत पहिल्या आणि तिसऱ्या फिल्मची नोंद आहे. मधली ते मोजत नाहीत. मध्यंतरी पाळकसाहेब घरी आले आणि टोपी हातात फिरवत म्हणाले, भोकरदनकडे सभा आहेत, ती क्रूसवाली फिल्म दिली तर लोकांचा विश्वास वाढेल. मी म्हटलं, "न्या. पण तिन्ही न्या, आणि तिन्ही दाखवा."  वाईट माणूस नाही तो. चहा न घेताच गेले. तेव्हापासून तिन्ही फिल्मा माझ्याच कपाटात आहेत.

मी अजूनही चर्चला जातो, मागच्या बाकावर बसतो. प्रार्थना होत नाही. सुट्टीच्या दिवशी मधली फिल्म खिडकीला लावून बसतो आणि चूक शोधतो. मशीन बनवणाऱ्यांच्या माणसाला बोलावून विचारलं, तो म्हणाला असा दोष येऊच शकत नाही. ओळखीच्या रेडिओलॉजिस्टना पाठवून झाली, प्रत्येकाचं उत्तर वेगळं, आणि एकही त्या फिल्मला लागू पडत नाही. अख्खं आयुष्य मी माझ्या कामात चूक निघू नये म्हणून धडपडलो. आता एक चूक सापडावी म्हणून जीव तुटतो. चूक निघाली तर देवानं काही दिलंही नव्हतं आणि नेलंही नव्हतं. नुसता आजार होता, होतो तसा कुणालाही.

तुमच्यापैकी कुणाला ती चूक दिसली तर कळवा. मला त्यावर वाद घालायचा नाही. मी तडक कब्रस्तानात जाईन आणि तिला सांगेन, मार्था, फिल्म खराब होती गं, तुझं काहीच चुकलं नव्हतं.

अजून सापडलेली नाही.