बिननावाची बटणं

एका हॉस्पिटलच्या टेलिफोनवर बसणाऱ्या ताई जन्मापासून आंधळ्या होत्या. भवानी पेठेतल्या, घरात तेलुगू बोलणाऱ्या विणकर कुटुंबातल्या. वीसेक वर्षं त्या एकाच खुर्चीवर बसत होत्या. आमच्या कंपनीनं बनवलेला टेलिफोनचा नवा प्रोग्रॅम बसवायला मी तिथं गेले, तेव्हा सकाळभर त्यांचंच काम बघत राहिले.

मंगळवेढ्याकडून एका बाईचा फोन आला. ती रडत होती. "आमचं म्हातारं तितं आणलंय, कुटं ठिवलंय कळंना."

ताईंनी तिला आधी घोटभर पाणी प्यायला लावलं. मग म्हाताऱ्याचं नाव, त्याला काय होतंय ते विचारलं, समोरच्या टेलिफोन बोर्डावरची दोन बटणं दाबली आणि तिला नेमक्या वॉर्डातल्या सिस्टरशी जोडून दिलं. यादी नाही, कागद नाही. सगळे नंबर डोक्यात.

दुपारी मी तो बोर्ड काढला आणि त्या जागी संगणक ठेवला.

जेवून आल्यावर ताईंनी टेबलावर हात फिरवला. "पोरी, माझा बोर्ड कुठं गेला?"

"ताई, आता सगळं संगणकावर आहे. सोपं आहे."

संगणक त्यांना नवा नव्हता. स्क्रीन वाचून दाखवणारा प्रोग्रॅम त्या सफाईनं वापरायच्या. तो सुरू करून त्यांनी कीबोर्डवर बोट ठेवलं. आवाज आला, "बटण." पुढं गेल्या. "बटण." आणखी पुढं. "बटण." कुठलं बटण कशाचं, ते काही तो सांगेना. सांगणार कसा? फोन उचलणं, जोडणं, थांबवणं, सगळ्यांची मी नुसती चित्रं काढली होती. त्यांना नावं द्यायची असतात हे मला माहीतच नव्हतं. फोन आला की घंटी तेवढी वाजायची; तो घ्यायचा कुठं ते दाखवणारा कोपऱ्यातला लाल चौकोन मात्र मुकाट्यानं लुकलुकायचा.

तेवढ्यात फोन आला आणि वाजून बंद झाला. पुन्हा आला, पुन्हा बंद झाला. ताईंच्या कपाळावर घाम आला होता.

"कुणाचा होता गं?"



दुसऱ्या दिवशी रिसेप्शनवरची एक मुलगी त्यांच्या खुर्चीवर बसली. ताईंना शेजारी स्टूल दिलं. हॉस्पिटलचे व्यवस्थापक भले गृहस्थ होते. मला म्हणाले, "त्यांना कोण काढतंय? बसू द्या की निवांत." निवांत! त्या दिवसभर स्टुलावर बसायच्या. फोन वाजला की त्यांचा हात पुढं जायचा आणि मध्येच थांबायचा.

मी आमच्या साहेबांकडं गेले. त्यांनी विचारलं, "एका बाईसाठी सगळा प्रोग्रॅम बदलायचा? पुढच्या आवृत्तीत बघू."

मग मी एकटीच त्या कामाला लागले. आधी स्क्रीन बंद केली आणि मीच बनवलेल्या प्रोग्रॅमवर एक फोन जोडायचा प्रयत्न केला. जमला नाही. तासभर चाचपडले, शेवटी टेबलावर डोकं ठेवून रडले. मोहोळहून रोज एसटीनं येता-जाता मी या विषयावर मिळेल ते वाचत होते. तीन रविवार घालवून प्रत्येक बटणाला नाव दिलं, माउसशिवाय सगळं चालेल असं केलं, फोन आला की कुठून आला ते ऐकू येईल अशी सोय केली. कुणाला न विचारता ते हॉस्पिटलच्या संगणकावर चढवलं.

ताईंनी कानाला हेडफोन लावला. पहिला फोन एक्स-रेला जोडला. दुसरा औषधाच्या दुकानात. तिसऱ्या वेळी त्यांनी माझा हात शोधून घट्ट धरला. "बोलतंय की गं हे!"

ते सुख नऊ दिवस टिकलं.

दहाव्या दिवशी त्यांचा मला फोन आला. आवाज इतका बारीक, की आधी मी ओळखलाच नाही. "पोरी, परत मुकं झालं."

कंपनीनं नवी आवृत्ती पाठवली होती. माझे बदल मुख्य प्रोग्रॅममध्ये कधी घेतलेच नव्हते, त्यामुळं ते सगळे पुसले गेले. मी साहेबांच्या टेबलापुढं उभी राहून अक्षरशः हात जोडले. ते म्हणाले, "परवानगीशिवाय ग्राहकाच्या संगणकाला हात लावलास. नोकरी राहिली हेच नशीब समज." मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज अजून जात नाही.

ताईंनी आणखी दोन महिने स्टूल सोसलं आणि मुदतीआधीच निवृत्ती मागून घेतली. निरोप समारंभात त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. त्यांनी काचेवरून बोटं फिरवली, काटे हाताला लागेनात. "छान हाय," म्हणाल्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांमधून मी बाहेर पडले आणि जिन्यात बसून राहिले. आपण एका माणसाचे कान, बोटं, स्मरणशक्ती, सगळं एका दुपारी काढून घेतलं, आणि ते परत देण्याची ताकद आपल्यात नाही, एवढंच डोक्यात घुमत होतं.

पुढच्या वर्षी एका सरकारी कामाच्या अटींत 'दिव्यांगांना वापरता यावं' असं एक कलम आलं. साहेबांनी मला बोलावलं. "ते तुझं बटणांचं काय होतं, करून टाक."

चार दिवस लागले. फक्त चार.

मी ताईंना फोन केला. प्रोग्रॅम आता सगळीकडं बोलतो, परत येता का, मी व्यवस्थापकांशी बोलते, असं एका दमात सांगून टाकलं.  त्यांच्या मागं तेलुगूत कुणीतरी कुणाला तरी हाक मारत होतं.

"मी परवा लावला होता तिथं फोन," त्या म्हणाल्या. "टेप लावलीय. ह्याच्यासाठी एक दाबा, त्याच्यासाठी दोन दाबा. माणूसच न्हाय बसत आता." मग त्यांनी विचारलं, "रडत फोन करणारं माणूस काय दाबत असंल गं?"