टाचेवर अडलेले तोडे

पेन्शनीत गेल्यावर तुमच्या आजोबांना बरेच तपास आठवेनासे झाले. जिंतूरचा तोड्यांचा तपास मात्र शेवटपर्यंत आठवत असे. मलाही तो आठवतो, कारण त्या चौकशीत मी बसले होते.

निजामाचं राज्य होतं. आजोबा जिंतूर ठाण्याचे अमीन होते, म्हणजे आजचे फौजदार. बोरीच्या एका जमीनदाराकडचे चांदीचे तोडे चोरीला गेले होते. घरोघर बांगड्या भरत फिरणाऱ्या कासारणीने खबर आणली की, तसेच तोडे कापसाच्या जिनिंगमधल्या फिटरच्या घरी आहेत. पंचांसमोर झडती झाली. तोडे ज्वारीच्या पिठाच्या डब्यात निघाले आणि फिटरला अटक झाली.

फिटर वऱ्हाडातला, म्हणजे इंग्रजी मुलखातला. कामाला आला आणि इथलीच मुलगी करून राहिला. दोन मुलं होती. चोरीचा माल घेतल्याची सजा काही महिन्यांची. पण परमुलखातल्या माणसावर गुन्हा शाबित झाला, तर सजा भोगल्यावर त्याला हद्दीबाहेर काढत आणि परत येऊ देत नसत.

त्याच दुपारी त्याची बायको आमच्या मागच्या दारी आली. पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही.

"बाईसाब, त्यायला हद्दीपार धाडतात म्हनं?"

मी होकाराची मान हलवली.

"आन् मला?"

"तू इथलीच. तुला कुठे धाडतील?"

ती उठली, थेट ठाण्यात गेली आणि तोडे आपणच घेतल्याचं सांगितलं.

बाईची चौकशी म्हणून आजोबांनी मला शेजारी बसवलं. कुणाकडून घेतले? फिरत्या माणसाकडून. कधी? बाजारच्या दिवशी. तिची सगळी उत्तरं तयार होती. गजाआड नवरा भिंतीकडे तोंड करून बसला होता. आजोबांनी तोडे तिच्यापुढे ठेवले.

"कोणतीही बाई तोडे पायात घालून पाहिल्याशिवाय घेत नाही. घाल बघू."

तोडा टाचेवर अडला. तिने जोर लावला.

"पाय सुजलाय, सायब."

टाच सोलली, रक्त आलं, तरी ती ढकलतच राहिली. ठाण्यातल्या जमादाराने मान फिरवली.

"बस कर वं," गजाआडून नवरा म्हणाला. "तिले सोडा जी. मीच घेतले तिच्यासाठी. सस्ते भेटले, म्हून कोनाचे ते इचारलं नाही."

आजोबांनी तेच लिहून घेतलं. खोटा जबाब त्यांना घेता येत नव्हता.

मुन्सिफाच्या कोर्टात त्याला सजा झाली. ती संपली त्या दिवशी शिपाई त्याला वऱ्हाडाच्या हद्दीवर घेऊन निघाले. मुलांना घेऊन ती मागून चालत गेली. तिचा म्हातारा बाप वेशीपर्यंत गेला आणि तिथेच खाली बसला. आजोबा त्या दिवशी ठाण्याबाहेर आले नाहीत. पुढे ते म्हणत, "मुन्सिफ सजा एकाला देतो. हद्दीपार सगळं घर जातं."

तुम्ही आता दुसऱ्यांच्या मुलखात घर केलं आहे. कुणी स्वस्तात काही पुढे केलं, तर ते कुणाचं आहे हे आधी विचारा. मला अजून त्या बाईची टाच दिसते.