रस्त्यापलीकडचा खासदार

लाकडी फरशीच्या पॉलिशचा वास आला की मला इंग्लंडात, लीड्समधला तो हॉल आठवतो. बाहेरून आलेल्या डॉक्टरांचे व्हिसाचे नियम अचानक बदलले होते, नवऱ्याची हॉस्पिटलमधली नोकरी सुटली होती, मला सातवा महिना होता, आणि शेवटचा उपाय म्हणून आम्ही खासदारांना भेटायला आलो होतो. भिंतीवरच्या फळ्यावर तिथल्या आजवरच्या सगळ्या खासदारांची नावं सोनेरी अक्षरांत होती, आणि आमची पाळी येईपर्यंत नवरा ती स्तोत्र पुटपुटावं तशी वाचत होता. खासदार सज्जन वाटले. सगळं शांतपणे ऐकून त्यांनी पत्ता विचारला. नोकरीबरोबर हॉस्पिटलची खोलीही गेल्यामुळे आम्ही आदल्याच दिवशी हॉलसमोरच्या रस्त्यापलीकडे मित्राकडे राहायला गेलो होतो. नवऱ्याने खरं तेच सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "आय ॲम सो सॉरी, डॉक्टर. रस्त्यापलीकडे दुसरा मतदारसंघ लागतो. तुम्हाला तिथल्या खासदारांकडेच जावं लागेल." तिथले खासदार भेटणार होते पुढच्या महिन्यात, आणि व्हिसा त्याआधीच संपत होता. "सर, प्लीज," म्हणत नवऱ्याने हात जोडले. त्याला कुणापुढे हात जोडताना मी पहिल्यांदाच पाहत होते. परतताना तो भर रस्त्यात मधोमध थांबला. "इथे उभं राहिलं तर आपला खासदार कोण गं?" गाड्या हॉर्न देत होत्या. मी त्याला ओढतच पलीकडे नेलं. आता नागपुरात त्याचा दवाखाना छान चालतो. पण रस्ता ओलांडताना तो जरा जरी थबकला, तरी मी त्याचा हात घट्ट धरते.