सगळी बिल्डिंग खडवलीला

आमच्या बिल्डिंगमध्ये लपवण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं, आणि असतं तरी ते लपलं नसतं. ऐंशीच्या दशकात आम्ही डोंबिवलीत कोपरच्या बाजूला राहायला आलो तेव्हा आजूबाजूला नुसतं गवत, चिखल आणि मधोमध आमची सोळा बिऱ्हाडांची इमारत. फोन कुणाकडेच नव्हता. नाशिकहून पाहुणा यायचा, पत्ता शोधत अर्धा तास चिखल तुडवायचा, आणि दाराला कुलूप! म्हणून आमच्या ह्यांनी सोसायटीचे सेक्रेटरी झाल्या झाल्या पहिलं काम काय केलं, तर जिन्याखाली काळा फळा लावला. बाहेर जाताना ज्याने त्याने खडूने लिहायचं: कुठे चाललो, कधी परतणार, चावी कुणाकडे.

तो फळा म्हणजे आमची शान. एकदा माझी मावशी न कळवता आली. आम्ही ठाण्याला लग्नाला गेलेलो. तिने फळा वाचला, चावी मिळवली, पिठलं-भात केला, जेवली, मस्त झोपली, आणि आम्ही परतलो तेव्हा आम्हालाच दार उघडून म्हणाली, "या, या, हातपाय धुवून घ्या." आम्ही पोट धरून हसलो. एवढी वर्षं फळा होता, पण चोरी म्हणून कधी झाली नाही. त्याचं श्रेय आमचे हे फळ्याला द्यायचे. खरं श्रेय होतं तळमजल्यावरच्या काकूंचं.

काकूंचं दार बरोबर फळ्यासमोर. काका लवकर गेले, पदरात एक मुलगी. काकू घरी शिवणकाम करायच्या आणि त्यांचं मशीन दारातच असायचं. अनोळखी माणूस फळ्यासमोर जरा जास्त वेळ रेंगाळला की मशीन थांबायचं. "कोण पाहिजे?" काकूंचं हे "कोण पाहिजे" ऐकून भलेभले आपलं नाव, गाव आणि येण्याचं कारण सांगून मोकळे व्हायचे. एक अगरबत्ती विकणारा तर बिचारा बायकोचं माहेरसुद्धा सांगून गेला.

नव्वदचं दशक सरत आलं आणि माझ्या अंगात कॉम्प्युटर संचारला. मी बँकेत कारकून. बँकेत कॉम्प्युटर येणार म्हणून दर शनिवारी डोंबिवली स्टेशनजवळच्या क्लासला जायला लागले. इंटरनेटवर आपलं स्वतःचं पान फुकटात करता येतं, हे तिथे शिकवलं. क्लासमधल्या पोरापोरींनी नट-नट्यांची पानं केली. मी आमच्या फळ्याचं केलं! वर लुकलुकणारं लाल नाव, दोन्हीकडे गुलाब, तळाला पान किती जणांनी पाहिलं त्याचा आकडा, आणि त्याखाली बिल्डिंगचा पत्ता नि आमच्या घरचा फोन नंबर. भाषा मराठी, पण अक्षरं इंग्रजी. बिल्डिंगमधली मुलं शिकायला, नोकरीला पार अमेरिकेपर्यंत पांगलेली, त्यांना घरबसल्या खबर कळेल, असं मी सगळ्यांना पटवलं. ह्यांनी तर मीटिंगमध्ये माझ्या अभिनंदनाचा ठराव मांडला. मांडणारे हेच आणि अनुमोदन देणारेही हेच.

दर शनिवारी मी फळा वहीत उतरवून न्यायचे आणि पानावर चढवायचे. पण फळ्यावर जागा ओळभर आणि इथे लिहू तेवढं थोडं. त्यात माझा हात सैल. सोसायटीच्या पिकनिकच्या आदल्या दिवशी मी लिहिलं:

"रविवारी सगळी बिल्डिंग खडवलीला. वॉचमनसुद्धा येणार, तोही माणूसच आहे. सकाळी साडेसहाला निघणार, दिवेलागणीला परत. सगळ्यांच्या चाव्या सेक्रेटरींकडे, तीन नंबरमध्ये. तीन नंबरची चावी गेटवरच्या इस्त्रीवाल्याकडे. आनंदाची बातमी: तळमजल्याच्या काकूंच्या मुलीचं लग्न पुढच्या रविवारी. दागिने घडून आले. अभिनंदन!"

चाव्या आमच्याकडे ठेवायचं कारण म्हणजे आधीच्या पिकनिकला एकाची चावी नदीत वाहून गेलेली. सावधगिरी हो, दुसरं काय!

काकू यायला तयारच नव्हत्या. "अगं, वीस वर्षं मशीन मारून पोरीचं सोनं केलंय. सगळं कपाटात आहे. घर सोडून कशी येऊ?"

"अहो काकू, काही होत नाही. मी आहे ना!"

मी आहे ना! काय पण जीभ ही. हाताला धरून अक्षरशः ओढत नेलं मी त्यांना.

खडवलीला धमाल आली. नदी संथ, ऊन कोवळं. काकू आधी काठावर बसल्या, मग पाय बुडवले, आणि थोड्या वेळाने बघते तर साडी खोचून गुडघाभर पाण्यात उभ्या राहून लेकीवर पाणी उडवतायत. दात दिसेपर्यंत हसताना मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं. मला इतका आनंद झाला की काय सांगू. पुरी-भाजी झाली, सतरंज्या पसरल्या, आणि मी हळूच माझं घोडं पुढे दामटलं. "कालपर्यंत आपलं पान एकशे त्रेचाळीस जणांनी वाचलंय, बरं का!"

टाळ्या पडल्या. काकू पदराने पाय पुसत होत्या. त्या म्हणाल्या, "आपली बिऱ्हाडं सोळा. बाहेरगावची पोरं धर दहा-बारा. मग बाकीचे कोण गं?"

"असतील कुणीतरी."

"कुणीतरी म्हणजे कोण?"

फळा वाचायला जिना गाठावा लागायचा, आणि तिथे काकू असायच्या. ह्या पानासमोर कोण बसलं होतं? कुणीही नाही. कुणीही यावं, हवा तेवढा वेळ उभं राहावं, नीट वाचून जावं. मी काय काय लिहिलंय ते मनातल्या मनात आठवत गेले. काकूंनी विचारलं, "काय लिहिलंयस तू?" मी सांगायला लागले. "दागिने" ह्या शब्दापाशी येऊन थांबले.

काकू उठल्या, खोचलेली साडी सोडली आणि पिशवी उचलली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सगळे स्टेशनकडे निघालो. तिथे पीसीओचा पिवळा डबा होता. मी धावत शिरले, रिसीव्हर उचलला, आणि फोन करू कुणाला? एव्हाना बिल्डिंगमध्ये आठ-दहा फोन आलेले, मला नंबर तोंडपाठ होते, पण सगळे ह्याच फलाटावर! शेवटी काहीच सुचेना म्हणून स्वतःच्याच घरचा नंबर फिरवला. दोन रिंगा झाल्या, आणि कुणीतरी फोन उचलला.

"हॅलो," पुरुषाचा आवाज.

मी दाणकन फोन आपटला. नंबर चुकला असेल. पुन्हा एकेक आकडा जपून फिरवला.

"हॅलो. बोला की."

"कोण बोलतंय?" मी ओरडले.

"आपण कोण?"

"मी कोण? अहो, घर माझं आहे ते!"

"मग ते असं वाऱ्यावर सोडून खडवलीला कशाला गेलात, बाई?"

तो माणूस शांतपणे म्हणाला, "घाबरू नका. मी वर्तकनगरहून आलोय, ठाण्याहून. रिटायर्ड पोस्टमन आहे. माझा मुलगा डोंबिवलीत जागा बघतोय. काल त्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर शोधताना तुमचं पान निघालं, ते त्याने छापून घरी आणलं. ते वाचून मला झोप लागेना. सकाळी फोन लावला, तोवर तुम्ही निघालेलात. म्हटलं, आपणच जावं."

"पण तुम्हाला चावी कुणी दिली?"

"तुमच्या इस्त्रीवाल्याने. तुम्ही लिहिलेल्या दोन ओळी त्याला म्हणून दाखवल्या. त्याने माझं नावसुद्धा विचारलं नाही. चहा करून घेतलाय, माफ करा. तुम्ही सगळं लिहिलंत, साखर कुठे ठेवता तेवढं मात्र लिहिलं नाहीत."

मी बाहेर येऊन सगळं सांगितलं. हे म्हणाले, "चोर असता तर साखर शोधत बसला असता का?" काकू म्हणाल्या, "चोरालाही चहा लागतो."

कसाऱ्याकडून येणारी गाडी आपल्या मर्जीने आली. काकू खिडकीशी बसून होत्या, पिशवी मांडीवर, नजर बाहेर. चार शब्द सुनावले असते तरी मला बरं वाटलं असतं. कपाट रिकामं निघालं तर पुढच्या रविवारी त्या पोरीच्या गळ्यात काय घालणार, ह्याखेरीज माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. सगळे देव आठवून झाले.

गेटातून आत शिरलो तर जिन्याखाली, फळ्यासमोर, काकूंच्या बंद दाराला पाठ लावून आमच्या घरची खुर्ची, आणि तिच्यात एक सडपातळ म्हातारे गृहस्थ. चष्मा दोरीला, मांडीवर कापडी पिशवी. त्यांनी उठून नमस्कार केला आणि म्हणाले, "एकेक जण या. घर नंबर, नाव, आणि इथे सही."

सगळ्या चाव्या त्या पिशवीत! खिशातल्या डायरीवर सही घेतल्याशिवाय, रजिस्टर पत्र द्यावं तसं, एकही चावी त्यांनी हातातून सोडली नाही. आमच्या ह्यांनाही नाही. "मी सेक्रेटरी आहे," हे म्हणाले. "असाल," ते म्हणाले आणि पेन पुढे केलं.

काकूंची सही सगळ्यात आधी झाली. त्या आत गेल्या. कपाटाचं दार करकरलं. आम्ही सगळे दाराशी ताटकळत उभे. काकू बाहेर आल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी आणि चेहराभर हसू. "आहे गं, सगळं जिथल्या तिथे आहे," म्हणाल्या, आणि माझ्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. इतकं बरं वाटलं मला त्या धपाट्याने!

मग सगळ्यांचा चहा झाला, साखर घालून. ते गृहस्थ म्हणाले, "बत्तीस वर्षं टपाल वाटलं. कुठलं घर कधी बंद, कुणाचं माणूस कुठे, कुणाची मनीऑर्डर कधी, सगळं ठाऊक असायचं. बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही. आणि तुम्ही न विचारता जगाला सांगताय, वर दोन गुलाब लावून!" माझी मान खाली. पण हसूही आवरेना. शेवटी तेही हसायला लागले.

दुसऱ्याच दिवशी बँकेतून अर्धी रजा टाकून मी क्लासला गेले आणि पान पुसून टाकलं. ह्यांनी फळाही उतरवला. लग्न झोकात झालं. पोस्टमनकाका सपत्नीक आले, काकूंनी त्यांना पंक्तीत मानाने पहिल्या पाटावर बसवलं. दागिने पोरीला काय शोभत होते!

महिनाभराने एका सकाळी काकूंच्या दाराला कुलूप. कुणाला काही बोलल्या नव्हत्या, चावी कुणाकडे नव्हती. मी कासावीस. त्यांच्या लेकीच्या सासरी फोन केला, तर ती म्हणाली, "मलाही नाही सांगितलं. काळजी करू नकोस, एवढंच म्हणाली."

चौथ्या दिवशी संध्याकाळी काकू आल्या. नाक उन्हाने रापलेलं, पायात नव्या चपला.

"काकू! होतात कुठे?"

"होते." त्यांनी कमरेच्या चंचीतून चावी काढली. "पोरगी गेली, तिचं सोनं तिच्याबरोबर गेलं. आता मी कशाला राखण करत बसू?"

"ते खरं हो, पण गेलेलात कुठे?"

"मजा केली," काकू म्हणाल्या आणि आत जाऊन पंखा लावला. मी दारात तशीच उभी. त्या कुठे गेल्या होत्या ते मला आजतागायत कळलेलं नाही.