सगळ्या पत्त्यांना एकच व्ह्यू

पूर्वी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचा म्हणून ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत. गेली सात वर्षं तो यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानाची वेबसाइट सांभाळत होता. पंपांच्या पोटात झडपा, झडपांच्या पोटात रबरी झडपा. अशा प्रत्येक कॅटेगरीच्या पत्त्याला त्याने वेगळा व्ह्यू, म्हणजे पान काढून देणारा कोड, लिहिला होता. मालकांना नवी कॅटेगरी सुचली की याच्यामागे नवं शुक्लकाष्ठ. व्ह्यू तीनशेवर गेले तेव्हा त्याच्या नाकी नऊ आले.

"साहेब, सगळ्यांना मिळून एकच व्ह्यू करतो. पत्ता कितीही खोल असो, तोच पान शोधून देईल."

"चाललंय ना? मग कशाला हात लावता, मास्तर?"

"मी आजारी पडलो की सगळं अडतं."

मालकांनी मान हलवली. तो होकारच, असं मास्तरने धरलं.

पहिला प्रयत्न फसला. 'इतर' नावाची कॅटेगरी सतरा ठिकाणी होती आणि व्ह्यू पत्त्यातला शेवटचाच शब्द बघायचा. पंपाचं 'इतर' मागावं तर पंख्याचं हजर. मग त्याने पत्ता त्यातल्या तिरप्या रेघांवर तोडला आणि व्ह्यूला वरून एकेक पायरी उतरायला लावलं. ही कॅटेगरी खरंच वरचीच्या पोटातली आहे का? नसेल तर पान नाही. दीड महिन्याने तीनशे व्ह्यू पुसले गेले, उरल्या वीस ओळी.

"एवढं राबून कोड कमीच झाला?" बायकोने विचारलं.

"त्यालाच तर अक्कल लागते."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी तोही हसला.

नवा व्ह्यू सुरू झाल्याच्या नवव्या दिवशी मालकांनी बोलावून सांगितलं, दुकान एका मोठ्या कंपनीने घेतलंय. शेजारी कंपनीचा माणूस बसला होता. सभ्य होता.

"आमची वेबसाइट आहेच. तुमचे जुने पत्ते सरसकट मुख्य पानाकडे वळवू."

"पण लोक थेट झडपेच्या पानावर येतात. निदान माझा कोड बघा तरी."

"बघू ना," तो म्हणाला आणि मालकांना पार्किंगबद्दल विचारू लागला.

मास्तरला कामावर ठेवलं, पण माल नोंदवायला. त्याने दोन ठिकाणी अर्ज केले. एकीकडून वय विचारलं, दुसरीकडून उत्तरच नाही. तिसरा अर्ज त्याने अर्धवट ठेवला.

एका दुपारी जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. "मास्तर, झडपेचं पान उघडलं की भलतंच येतंय."

"नव्या कंपनीचं मुख्य पान आहे ते. तिथून शोधा."

"शोधलं. सापडत नाही."

"नाही सापडणार," मास्तर म्हणाला. फोन ठेवून त्याने पुढचा माल नोंदवायला घेतला.