आप्पांची खुकरी

बेळगावच्या खडेबाजारात आप्पांबरोबर जाणे म्हणजे डोक्याला ताप. एखाद्या दुकानात शोभेची खुकरी टांगलेली दिसली, की हे आत शिरणार, पाते कानाजवळ धरून नखाने टिचकी मारणार आणि भर गिऱ्हाइकांत दुकानदाराला ऐकवणार, "पत्रा हाय रं ह्यो! ह्यानं काकडी बी चिरायची न्हाय." दुकानदार मग रागाने माझ्याकडे बघायचा. जसे काही आप्पांना मीच शिकवून आणले होते!

आप्पा फौजेतले निवृत्त हवालदार, वडगावात आमचे शेजारी. त्यांच्याकडे खरी नेपाळी खुकरी होती. पलटणीतल्या जोडीदाराच्या लोहार वडिलांनी ती ट्रकच्या कमानपाट्यातून ठोकून दिली होती. "तापल्या धारंवर किटलीनं पानी सोडत्यात बघ. धार कडक, पाठ नरम. कारखान्यातली सगळीकडनं सारखीच, तिला कुठली धार ऱ्हातीया?" मी जेवायला बसलेलो असलो तरी हे सगळे पहिल्यापासून ऐकावे लागे.

लाखेने बसवलेली तिची मूठ एकदा सैल झाली. बेळगावातला एकही लोहार आप्पांना पटेना. निपाणीचाच हवा! त्यांचे गुडघे धरलेले, म्हणून गेलो मी. "स्क्रू मारू दिऊ नको, लाखच भर म्हनावं," हे सांगायला दिवसभरात पाच फोन. काम झाले. परतताना बेळगावात उतरता उतरता सहावा फोन आला, त्यांच्याशी हुज्जत घालत मी खाली उतरलो आणि पिशवी वरच राहिली. बस हुबळीकडे निघून गेली. डेपोत खेटे घातले, पण खुकरी काही मिळाली नाही.

पुढे मी जे केले ते लिहायलाही लाज वाटते. कारखान्याची खुकरी विकत घेतली, राखेने घासून तिची चमक घालवली आणि आप्पांच्या हातात दिली. त्यांनी ती कानाजवळ नेली, टिचकी मारली.

"बरं झालं काम," म्हणाले आणि ती कपाटात ठेवून दिली.

त्यानंतर आप्पांनी खुकरीचे नाव काढले नाही. खडेबाजारातून मुकाट्याने चालायचे. इतकी वर्षे मला हेच तर हवे होते, आणि आता तेच सहन होईना. एकदा मीच चिडून दुकानातली खुकरी दाखवली, "आप्पा, ही कशी हाय वो?"

"आसंल बरी."

गेल्या वर्षी ते दवाखान्यात दाखल झाले, तेव्हा मी एकदाचे सांगून टाकले, "आप्पा, तुमची खुकरी माझ्याकडनं हरवली. घरात हाय ती कारखान्याची."

"म्हाईत हाय. हातात घेतली तवाच कळलं हुतं."

"मग बोलला का न्हाई?"

"तू आज सांगशील, उद्या सांगशील, म्हनून वाट बघत हुतो. दोन वर्सं लावलीस की रं!"

चार दिवसांनी आप्पा गेले. इतकी वर्षे त्यांच्यावर वैतागलो. आता सगळा वैताग माझा माझ्यावरच आहे.